कातरवेळ आणि एक रेघ

उर्दूत आम्ही स्वतःला 'हम' म्हणतो. मराठीत लिहायला बसलो की तेच 'आम्ही' होऊन कागदावर उतरतं. वाचकांनी याला मोठेपणा समजू नये, सवय समजावी.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षिका आहोत. बी.एड. झालेल्या, पस्तिशी ओलांडलेल्या बाईने जपानी कार्टून पाहावं का, असा प्रश्न स्टाफरूममध्ये अधूनमधून निघतो. आमचं उत्तर ठरलेलं आहे. आमची पिढी दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली बघतच मोठी झाली. ती 'जंगल बुक' मालिका मूळची जपानची, १९८९ सालची. हिंदीत तिचं शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं आणि शेरखानला आवाज दिला नाना पाटेकरांनी. ती जपानी आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा 'ॲनिमे' हा शब्द नवा असेल, ओळख जुनीच आहे.

या ॲनिमेतल्या एका प्रसंगाबद्दल आमची तक्रार आहे. चित्रपट माकोतो शिंकाई यांचा, २०१६ सालचा, 'किमी नो ना वा', म्हणजे 'तुझं नाव'. तो आम्ही खोताच्या वाडीत पाहिला. आमची बी.एड.ची मैत्रीण तिथे राहते. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावाची ही गिरगावातली वाडी. पुढे पडवी, बाहेरून वर चढणारा लाकडी जिना, अशी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची घरं. एके काळी तिथे साठाहून अधिक घरं होती, आता निम्मीही उरलेली नाहीत. मैत्रिणीची लेक आठवीत, आमची भाची सातवीत. हट्ट त्या दोघींचा, चहा मैत्रिणीचा.

गोष्ट थोडक्यात अशी. ताकी हा तोक्योचा मुलगा आणि मित्सुहा ही डोंगरातल्या गावाची मुलगी. झोपेत दोघांची शरीरं अदलाबदल होतात. पुढे कळतं की दोघांच्या काळात तीन वर्षांचं अंतर आहे आणि धूमकेतूचा तुकडा पडून तिचं गाव नष्ट झालेलं आहे. डोंगरमाथ्यावर दोघं एकाच जागी उभी असतात. आवाज ऐकू येतो, माणूस दिसत नाही. सूर्य मावळतो आणि त्या संधिप्रकाशात ती एकमेकांना दिसतात. रडतात, भांडतात, हसतात. विसरू नये म्हणून तळहातावर आपापलं नाव लिहायचं ठरतं. तो तिच्या हातावर लिहितो. ती पेन घेते, त्याच्या तळहातावर टेकवते. तेवढ्यात उजेड सरतो. पेन खाली पडतं. ती नाही. त्याच्या हातावर फक्त एक छोटी रेघ.

"संपलं? एवढंच?" भाची ओरडलीच. खरं तर ते आमच्याही ओठांवर होतं. इतका वेळ ज्या भेटीची वाट पाहायला लावली, ती पुरती डोळ्यांत भरायच्या आत गेली. आम्ही तो भाग तीनदा मागे नेऊन पाहिला. तीनदा पेन त्याच जागी पडलं.

त्या वेळेला चित्रपटातल्या गावात 'कातावारेदोकी' म्हणतात. एक शिक्षिका वर्गात समजावून सांगते की संध्याकाळच्या जुन्या शब्दाचा अर्थच 'तो कोण?' असा आहे, कारण त्या उजेडात चेहरा ओळखू येत नाही. मैत्रीण म्हणाली, "अगं, ही तर आपली कातरवेळ!" शब्दांचं नातं काही नाही, कानाला लागलेला योगायोग. पण अर्थ किती जवळचा! कातर म्हणजे व्याकूळ, आणि कातर म्हणजे कात्रीसुद्धा. उर्दूत आम्ही 'झुटपुटा' म्हणतो. शिवाय आपण जपानपेक्षा विषुववृत्ताच्या जवळ. इथे सूर्य अधिक सरळ खाली उतरतो, म्हणून आपला संधिप्रकाश लवकर आटोपतो. वाडीच्या पडवीत बसलं की हे कळतं. समोरच्या कौलांवरचा तांबूस रंग चहा संपायच्या आत गेलेला असतो.

वर्गात आम्ही 'रमूजे औकाफ' शिकवतो, म्हणजे विरामचिन्हं. सकता म्हणजे थोडं थांबणं, वक्फा म्हणजे जरा जास्त, खत्मा म्हणजे पूर्णविराम. हा प्रसंग यांपैकी कशावरच थांबत नाही, अक्षराच्या मध्येच तुटतो. नाव पुरं लिहून झालं असतं तर तो खत्मा झाला असता, आणि कदाचित आम्ही दुसऱ्या दिवशी विसरूनही गेलो असतो. हुरहूर राहिली ती रेघ अपुरी राहिली म्हणून. हे तोडणं गोष्टीच्या आतलं आहे. सूर्य मावळला, त्याला कोण काय करणार!

दुसरं तोडणं बाहेरचं. याच दिग्दर्शकाचा 'सुझुमे' एप्रिल २०२३ मध्ये आपल्याकडे लागला. जपानी चित्रपट मध्यंतरासाठी बांधलेला नसतो, आपल्या थिएटरात मध्यंतर चुकत नाही. घरी पाहावं तर शेवटचं दृश्य मनात उतरायच्या आत पडदा पुढचा भाग सुरू करायला निघतो. पहिल्या तोडण्याने हुरहूर लागते, दुसऱ्याने नुसती चिडचिड होते.

आमच्या हजेरीपटावरही अशा रेघा आहेत. चाळ पुनर्विकासाला जाते, कुटुंब मुंब्र्याला किंवा नालासोपाऱ्याला हलतं, आणि वर्षाच्या मध्येच एखादी मुलगी दाखला घेऊन निघते. सोमवारी बाकावर असते, गुरुवारी तिच्या नावावर लाल रेघ असते. धडा अर्धा, वही अर्धी, मैत्रिणींशी भांडण असेल तर तेही अर्धं. ही कातरवेळ सूर्याने आणलेली नसते. तिच्या तारखा मोठी माणसं ठरवतात, आणि मुलांना त्या शेवटी कळतात.

चित्रपटात पुढे मित्सुहा धावता धावता पडते आणि मूठ उघडून पाहते. तळहातावर ताकीने नाव लिहिलेलंच नसतं. 'तू मला आवडतेस' एवढंच लिहिलेलं असतं. नाव विसरली तरी ती त्या शब्दांच्या बळावर उठते.

गेल्या वर्षापासून दाखला निघाल्याचं कळलं की आम्ही शेवटचा तास राखून ठेवतो. जाणाऱ्या मुलीची वही वर्गभर फिरते आणि प्रत्येकीने तिच्यासाठी एक ओळ लिहायची. नियम एकच, फक्त नाव लिहून भागवायचं नाही. मागच्या बाकावरच्या एकीने विचारलं, "टीचर, घंटा झाली आणि ओळ अर्धी राहिली तर?" आम्ही म्हटलं, "तर घंटा थांबेल. तू लिही."