चार बोटे पाणी

आयुष्यात मी दोनच मोठ्या खरेद्या केल्या. एक सायकल आणि दुसरा पुण्यातला ब्लॉक. दोन्ही वेळा पद्धतशीर फसलो. अशा माणसाला कोणी होडी निवडायला बोलवावे, ही विश्वासाची कमालच म्हटली पाहिजे! पण गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी पूर्णेहून निरोप आला आणि मी मुकाट्याने गाडीत बसलो.

पूर्णा म्हणजे परभणी जिल्ह्यातले रेल्वेचे जंक्शन. मीटरगेजच्या दिवसांत वडील तिथे नोकरीला होते. माझे निम्मे बालपण इंजिनाच्या धुरात गेले आणि निम्मे नदीत. अजिंठ्याच्या डोंगरांतून आलेली पूर्णा गावाजवळून पुढे जाते आणि कंठेश्वरापाशी गोदावरीला मिळते. तिच्याच एका डोहात मी नवव्या वर्षी बुडू लागलो, तेव्हा भोयांच्या एका पोराने मला केसांना धरून काठावर ओढले. निरोप त्याचाच होता.

त्याचा मुलगा चप्पूवर बसून मासे धरी. चप्पू म्हणजे थर्माकोलचे ठोकळे जाळ्यात गुंडाळून बांबूंनी आवळलेला तराफा. याहून स्वस्त वाहन शोधून सापडायचे नाही. पण १९६८ साली वरच्या अंगाला येलदरीचे धरण झाले, तेव्हापासून या नदीचा पूर नुसत्या आभाळाकडे पाहून ओळखता येत नाही. भाद्रपदात लख्ख उन्हात लोंढा आला, चप्पू दुभंगला आणि पोराने बाभळीच्या फांदीवर रात्र काढली. तेव्हापासून वहिनींनी त्याचे जाळे आढ्याला बांधून ठेवले होते. घरात दुसरी मिळकत नव्हती.

"भावजी," त्या मला म्हणाल्या, "होडी स्वस्त का म्हाग, मला काय बी सांगू नका. पोरगं घरी येईल का, तेवढं सांगा."

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मग आम्ही होड्या पाहू लागलो. फायबरची होडी हलकी, कुजत नाही, गंजत नाही. पण ती आमच्या पैशांत बसेना. एके ठिकाणी जुनी लाकडी होडी मिळत होती. निमुळती, ऐटबाज, खाली गोलसर. माझे मन तिच्यावर बसले. मित्र काही बोलला नाही. त्याने ती पाण्यात घातली आणि मला म्हणाला, "बस. आता उभा ऱ्हा. आता काठाला ये, जाळं टाकल्यागत हात कर." मी हात उचलला मात्र, होडी अशी कलंडली की वयाच्या नवव्या वर्षाची पुन्हा आठवण झाली!

"दिसायला ब्येस हाय," तो हसून म्हणाला, "पण जाळं उभ्यानं टाकायलोत ना आपण? अन् उन्हाळ्यात नदी आटली की दोन म्हैने हिला वाळूत पडायचंय. फळ्या फाटतील."

अखेर ठरली ती सपाट तळाची, पत्र्याची होडी. बारा फूट लांब, चार फूट रुंद. गावातला वेल्डरच ती करून देणार होता. उद्या सांधा सुटला तर दुरुस्तीला दूर जायला नको. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी गंज खरवडून रंग दिला की झाले. मी खडू घेऊन वेल्डरच्या फरशीवर हिशेब मांडला. अठ्ठेचाळीस चौरस फुटांचा तळ एक इंच बुडाला की चार घनफूट पाणी सरते. त्याचे वजन सुमारे ११३ किलो. होडी, दोन माणसे, जाळे आणि मासे मिळून तीनशे किलो धरले, तर होडी तीन इंचांच्या आतच तरंगावी. टोके थोडी वळवलेली, म्हणून पुरते तीन इंच धरू. मित्राने फरशीकडे ढुंकूनही न पाहता चार बोटे पत्र्याला आडवी लावली. "एवढी बुडंल," तो म्हणाला. मी पट्टीने मोजले. तीन इंच!

राहता राहिला वहिनींचा प्रश्न. पत्रा पडला लोखंडाचा. पाणी भरले की तळ गाठणार. तेव्हा पोरगाच दबक्या आवाजात म्हणाला, "काका, चप्पूचा थर्माकोल हाय ना घरी." वहिनी ते तुकडे उकिरड्यावर टाकायला निघाल्या होत्या. दोन्ही बसण्यांखाली बंद खण करून त्यांत पाचेक घनफूट थर्माकोल आम्ही ठासून भरला. मग मुद्दाम काठावर होडीत बादल्यांनी पाणी ओतले. ती काठापर्यंत भरली, पण बुडाली नाही. पोरगा तिला धरून तरंगत होता आणि काठावर वहिनी पदर तोंडाशी धरून पाहत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. घरी गेल्या.

धनत्रयोदशीच्या सकाळी मी निघालो, तेव्हा आढ्याचे जाळे खाली उतरलेले होते आणि त्या दारात बसून त्याची तुटकी गाठ बांधीत होत्या.