कोपऱ्यातील सही

आज रात्री टेरेझिनच्या बालचित्रांचा संग्रह पुनश्च उघडला आणि दृष्टी चित्रांवर न ठरता कोपऱ्यातील सह्यांवरच खिळून राहिली. बोहेमियातील त्या जुन्या लष्करी ठाण्यात नाझींनी ज्यूंना कोंडले असता, ज्या राजवटीच्या दप्तरी हे कोवळे जीव केवळ रवानगीच्या यादीतील क्रमांक होते तिच्याच पहाऱ्यात, फ्रीडल डिकर-ब्रान्डाइस ही चित्रकर्ती प्रत्येक मुलाने चित्राखाली स्वतःचे नाव लिहावे असा आग्रह धरीत असे. (आमच्या शाळेत हजेरीक्रमांक घातला की भागे!) कागद बहुधा रद्दीतला, कित्येकदा छापील नमुन्यांची पाठकोरी बाजू, तीवर घरे, फुले, फुलपाखरे, मजल्यांवर मजले चढविलेल्या निजायच्या फळ्या, आणि खाली पेन्सिल दाबून गिरविलेले नाव. ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झला नेल्या जाण्यापूर्वी बाईंनी सुमारे ४,५०० चित्रे दोन सूटकेसांत भरून दडविली. युद्धानंतर चित्रे प्रागला पोहोचली. ती काढणारी बहुतेक मुले परतली नाहीत. परकी आडनावे माझ्या जिभेला नीटशी साधत नव्हती, तरी पाने उलटीत, एकेक नाव ओठांतल्या ओठांत वाचीत बसलो.