हवा किती?

उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका आता राइड सुरू होऊन थोडा वेळ झाला की बधिर होतात. मनगटातली अल्नर नस वर्षानुवर्षं हँडलबारवर दाबली गेली की असं होतं. लांब पल्ला मारणाऱ्यांना हे दुखणं नवं नाही. पण टायर, चाकं, ग्लव्हज पारखणाऱ्याचं मुख्य साधन त्याचा हातच असतो. रस्त्याची बारीक थरथर मला हातातून कळायची. ती पुसट झाली आणि एक जुना प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला: टायर वेगवान आहे हे मला कळतं, की नुसतं वाटतं?

23 मिमीचा टायर घ्या, 120 पीएसआय हवा भरा आणि पहाटे पवई तलावाच्या कडेने निघा. सायकल अंगाखाली सळसळते, रस्त्यावरचा सांधा न् सांधा हाताला लागतो. मग त्याच रस्त्यावर 28 मिमी, 75 पीएसआय. सगळं शांत होतं आणि आपण रेंगाळतोय असं वाटू लागतं. घड्याळ मात्र तसं म्हणत नाही. वेग तेवढाच असतो, खराब रस्त्यावर तर जास्तच.

कारण मला ठाऊक आहे. प्रयोगशाळेत टायर पोलादी ड्रमवर फिरवतात. तिथे हवा वाढवली की टायर कमी दबतो, रबराच्या वाकण्यात ऊर्जा कमी जाते, रोध घटतो. खऱ्या रस्त्यावर एका मर्यादेपुढे गणित उलटतं. सायकल आणि माणूस उसळू लागतात आणि ती ऊर्जा आपल्याच मांसपेशींत जिरते. सिएटलच्या जान हाइन यांनी ‘बायसिकल क्वार्टरली’मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरच्या चाचण्यांनी हे मांडलं. त्याआधी फ्रँक बर्टो यांनी वजनाखाली टायर सुमारे 15 टक्के दबावा, असा हिशेब दिला होता. डोक्याला सगळं मान्य आहे. अंगाला पटत नाही. अंग थरथरीलाच वेग समजतं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीने यावर उपाय काढला. ‘काका, हवा मी भरणार. आकडा तुम्हाला शेवटीच कळेल.’ आरेतला एक उतार, वारा पडलेला असतानाची वेळ, एकच बैठक, पॅडल मारायचं नाही. खालच्या ठरलेल्या खांबापाशी ती वेग टिपते आणि मी माझा अंदाज लिहितो. सुरुवातीच्या अंदाजांत जिथे हवा जास्त तिथे मी वेग जास्त लिहिला होता. हात बधिर असतो त्या दिवशी कडक टायरकडचा माझा कल जातो, पण म्हणून अंदाज बरोबर येतात असंही नाही. ते नुसते विखुरतात. थरथरीचा आधार गेला आणि त्या जागी दुसरा अजून आलेला नाही.

हे कडक टायरचं वेड मला जुन्या मंडळींकडून मिळालं. मुंबई-पुणे सायकल शर्यत 1945 सालापासूनची. बोरघाट आधी चढणारा ‘घाटाचा राजा’. त्या परंपरेत वाढलेली माणसं टायर टणटणीत ठेवायची, आणि अरुंद टायरपुरतं ते बरोबरच होतं. हवा कमी असली तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. आता टायर रुंद झाले, रिम रुंद झाल्या, हवेचा आकडा मात्र अनेकांच्या मनात तोच राहिला.

अंगठ्याने टायर दाबून हवा सांगणारा अशी माझी ख्याती आहे. हिरानंदानीत चहाला थांबलो की मुलं टायर पुढे करतात. मला ते फार आवडतं. खिशात डिजिटल गेज असलं तरी आधी अंगठाच लावतो, आणि आकडा जुळला की दिवसभर त्याच आनंदात असतो. ही हौस सुटावी असं मला वाटत नाही.

हल्लीची परीक्षणं वाचून मात्र जीव तुटतो. टायर खोक्यातून निघतो आणि आठवड्याभरात निकाल लागतो. पावसाळा न पाहिलेल्या टायरबद्दल मुंबईत कुणी मत देऊ नये. ‘फ्रेम धक्के शोषून घेते’ हे वाक्य तर छापायलाच नको. फ्रेम दबते त्याच्या कितीतरी पट टायर दबतो. फ्रेमवर लाखो रुपये घालून टायर दगडासारखे फुगवणारी माणसं पाहिली की वाईट वाटतं. 600 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब राइडला, 40 तास मिळतात. त्यात हातपाय कशाने थकतात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

एक जागा अजून घड्याळाच्या बाहेर आहे. पहिल्या सरी पडतात, रस्त्यावरचं तेल वर येतं, त्यात मेट्रोच्या कामाची माती आणि पांढऱ्या पट्ट्यांचा गुळगुळीत रंग. अशा वळणावर सायकल किती झुकवायची, हे टायर क्षणभर आधी सांगतो. चांगला टायर हळूहळू सुटतो, वाईट टायर एकदम. हे मला अजून कळतं. बोटांतून नाही, कमरेतून. ती मुलगी यालाही आकडा शोधते आहे. सापडला तर मला आनंद होईल, असं मी तिला सांगतो. मनातून मात्र तो इतक्यात सापडू नये असं वाटतं.