वनशिबिरांतील सुरी

दिवाळीची सुटी जवळ आली, म्हणजे आमच्या बालवीर पथकांतील मुलांच्या बोलण्यांत तंबू, दोर व कंदील यांच्या जोडीला सुरीचा विषय हटकून निघतो. कोणी चित्रपटांत पाहिलेल्या, हातभर लांब पात्याच्या आणि पाठीवर करवतीचे दांते असलेल्या सुरीचीं स्वप्नें पाहतो. कोणास घडीचा चाकू खिशांत मावतो म्हणून प्रिय वाटतो. गेल्या वर्षीं मात्र या विषयास गंभीर वळण लागलें. शेजारच्या एका पथकांतील मुलगा घडीच्या चाकूनें ओल्या फांदीस भोंक पाडीत असतां चाकू अकस्मात् मिटला व पातें त्याच्या तर्जनीवर बसलें. जखम भरली; परंतु बोट वळविणारी आंतील कंडरा तुटल्यामुळें तें बोट आजही पुरतें मिटत नाहीं. तेव्हांपासून कांहीं पालक आम्हांस म्हणूं लागले कीं, शिबिरांत सुरी मुळींच नसावी. त्यांची काळजी रास्त आहे. तथापि ज्या मुलास उघडपणें पातें हातीं धरूं दिलें नाहीं, तो तें चोरून धरतो, असा आमचा अनुभव आहे. आणि चोरून धरलेली सुरी बहुधा बोथट असते. म्हणून सुरी असावी कीं नसावी हा वाद बाजूस ठेवून, ती कशी असावी याचा विचार आम्हीं आरंभिला.

घडीच्या चाकूचा सारा दुबळेपणा त्याच्या सांध्यांत आहे. पात्यावर उलट दाब आला कीं खटका नसलेला चाकू मिटतो. खटका असला तरी तो झिजतो. शिवाय त्या फटींत माती, वाळू व मासळीची घाण जाऊन बसते आणि ती काढावयास दुसरा चाकू लागतो! अचल पात्याच्या सुरीस सांधाच नाहीं, त्यामुळें ती मिटण्याचें भय नाहीं आणि धुण्यासही ती सोपी. खिशांत मावत नाहीं हा तिचा दोष म्हणतात. आम्हांस तो गुणच वाटतो, कारण म्यानांत घालून कमरेस लावलेली सुरी कोणापाशीं आहे हें सर्वांस दिसतें.

लांबीविषयीं मात्र मुलांची समजूत घालणें कठीण गेलें. येथें आम्हीं त्यांना अमेरिकेंतील जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स या गृहस्थाची हकीकत सांगितली. हे १८२१ सालीं जन्मले, धंद्यानें चांभार, अंगानें ठेंगणे व किडकिडीत, प्रकृतीनें सदा अशक्त. 'नेसमुक' या टोपण नांवानें ते लिहीत. १८८३ सालीं अवघ्या साडेदहा पौंड वजनाची, नऊ फूट लांबीची होडी घेऊन ते ॲडिराँडॅक डोंगरांतील सरोवरांतून एकटे हिंडले. वजन उचलण्याची शक्तीच नसल्यामुळें त्यांस प्रत्येक वस्तु तोलून घ्यावी लागे. अशा या मुरलेल्या शिकाऱ्यानें १८८४ च्या आपल्या ग्रंथांत जाड पात्याच्या भल्या मोठ्या शिकारी सुऱ्यांची थट्टा केली आहे. त्यांची स्वतःची सुरी पातळ पात्याची असे. लाकडासाठीं लहानशी दुधारी कुऱ्हाड व किरकोळ कामास एक घडीचा चाकू निराळा. पुढें १९०६ सालीं होरेस केपार्ट यांनीं आपल्या सुरीचें मापच देऊन ठेविलें: पातें साडेचार इंच, मूठ तितकीच, रुंदी एक इंच, पाठीची जाडी इंचाचा आठवा भाग, आणि पात्याचें पोलाद मुठींतून आरपार जाऊन खिळ्यांनीं जखडलेलें. हरणाचें कातडें सोडविणें असो कीं कांदा चिरणें असो, या मापास दोन्हीही जड जात नाहीं.

आपल्या देशांत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांतील १९९१ ची दुरुस्ती यांनीं शिकारीचा छंद बंद केला, हें उत्तम झालें. मग शिबिरांत सुरीस काम कोणतें उरतें? दोर कापणें, खुंट्यांस टोंक काढणें, भिजलेल्या काटकीची साल सोलून आंतील सुक्या गाभ्याच्या ढलप्या काढणें, भाजी चिरणें, मासळी साफ करणें. यांपैकीं एकासही हातभर पातें नको. जाड लांकूड फोडावयाचें तर आपल्या कोंकणांत कोयती आहेच, आणि तिच्यापुढें चित्रपटांतील सुरी खेळणें ठरेल. शिवाय नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचें हत्यार, घरकाम वा शेतीकामाचें नसल्यास, शस्त्रकायद्याच्या कक्षेंत येतें, हेंही पालकांनीं ध्यानांत असूं द्यावें.

आतां पोलाद. गंज न चढणाऱ्या पोलादांत शेंकडा साडेदहाहून अधिक क्रोमियम असतें. तें कोंकणच्या खाऱ्या हवेस चांगलें तोंड देतें. साध्या पोलादास गंज लवकर चढतो, परंतु धार थोड्या श्रमांत येते व आपल्या गांवचा लोहार तें घडवूं शकतो. मुलांनीं धार लावावयास शिकावें हा आमचा हेतु असल्यानें आम्हीं दुसरें पत्करलें.

केपार्टच्या मापाचा पुठ्ठा कापून आम्ही जवळच्या लोहाराकडे गेलों. मोटारलारीच्या कमानीचा पाटा त्याच्याकडे पडलेला होता. कोयत्या तो त्याच्याच करतो. पुठ्ठा पाहून तो हसला व म्हणाला, "गुरुजी, ही तर बायकांची भाजीची सुरी!" त्याचें म्हणणें आम्हीं नाकारलें नाहीं. त्यानें चार पातीं घडविलीं, पुन्हां लाल तापवून तेलांत विझविलीं. कानस त्यांवरून नुसती घसरूं लागली, तेव्हां तो म्हणाला कीं, आतां हीं कांचेसारखीं मोडतील. मग त्यानें तीं घासून चकचकीत केलीं व मंद आंचेवर धरलीं. पात्यावर गवताच्या काडीसारखा पिंवळा रंग चढतांच बाजूस काढलीं. शिसवीच्या मुठी, प्रत्येकीस तीन खिळे. मुठीचा आकार मुलांच्या हातांत देऊन तासविला, कारण ओल्या हातांतून निसटणारी मूठ बोथट धारेइतकीच घातक.

दुखापत झालेला मुलगा यंदा आमच्याबरोबर येणार आहे. त्याच्या आईनें प्रथम नकार दिला होता. आम्हीं त्या बाईंस सुरी हातीं दिली, त्यांनीं मूठ दाबून पाहिली, नखावर धार पाहिली, आणि "मिटत नाहीं ना?" एवढेंच विचारलें. सध्यां तो मुलगा दर शनिवारीं दगडावर धार लावण्यास बसतो. बोट वळत नसल्यानें त्यानें आपली निराळी पकड बसविली आहे. चारही पात्यांस खोबरेल चोपडून तीं कोरड्या फडक्यांत गुंडाळण्याचें काम त्याजकडेच सोंपविलें आहे. चामड्याच्या म्यानांत ओल धरते, म्हणून शिबिर संपेपर्यंतच सुऱ्या म्यानांत राहतील.