पाना हातात घेण्याआधी

अब्बांच्या गॅरेजात एक नियम होता. मॅनिफोल्डचे काम आले की त्या दिवशी पाना लावायचा नाही. ट्रक उभा करायचा, इंजिन थंड होऊ द्यायचे, स्टडांवर तेल सोडायचे आणि घरी जायचे. आम्हा दोघा भावांना हा निव्वळ आळस वाटे. गिऱ्हाईक दारात उभे आणि उस्ताद म्हणतात, उद्या या!

गोष्ट 1994 च्या पावसाळ्यातली. कराडहून गुळाच्या ढेपा भरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला निघालेला एक जुना, सहा सिलिंडरचा ट्रक सकाळीच आमच्याकडे वळला. ड्रायव्हरचाचा म्हणाले, गाडी चालू केली की टिकटिक वाजते. तापली की आवाज कमी होतो. म्हणून त्यांनी महिनाभर लक्ष दिले नव्हते. शेजारी क्लीनर पोरगा डोके धरून बसला होता. आमच्याच वयाचा असेल.

"घाट लगता उसकू," चाचा म्हणाले.

"एष्टीमें बी लगता क्या रे?" अब्बांनी पोराला विचारले.

"नै उस्ताद. एष्टीमें नै लगता."

अब्बा काही बोलले नाहीत. झाकण उघडून त्यांनी बॅटरी लावली. हेड आणि मॅनिफोल्डच्या सांध्याशी काजळीचा काळा पंखा उमटला होता. पॅकिंग जळले होते. मॅनिफोल्ड बिडाचा. थंड असताना फट उघडी राहते, तापून फुगला की मिटत येते. म्हणून आवाज दबतो. पण आवाज दबला म्हणजे धूर थांबला असे नव्हे. केबिनच्या तळाचा पत्रा जागोजाग फाटला होता. पावसामुळे काचा वर. क्लीनर इंजिनाच्या अंगाला झोपायचा. त्याला घाट लागत नव्हता, धूर लागत होता.

अब्बांनी आम्हाला तयारी सांगितली. बारा स्टड मोजून ठेवा. नवे पॅकिंग आणा. नट पितळी आणा, लोखंडी नट उष्णतेने धरतात. वायरब्रशने आटे घासा. संध्याकाळी इंजिन गार झाले की डिझेल सोडा. गरम मॅनिफोल्डवर तेल पडले तर पेट घेते. उद्या सकाळी नट आधी जरासा कसायचा, धरलेला गंज तुटला की मग सोडायचा. एवढे सांगून ते जुम्म्याच्या नमाजाला गेले.

आम्ही मागे राहिलो. ढेपांवरची ताडपत्री गळत होती. गूळ पाघळला तर चाचांचे भाडे बुडणार. पोरगा ओट्यावर निपचित पडलेला. आम्हाला दोघांचीही दया आली, आणि खरे सांगायचे तर हातांना खाजही सुटली होती. अब्बा परत यायच्या आत मॅनिफोल्ड खाली उतरवून दाखवू, असे ठरवून आम्ही पान्याला हातभर पाइप अडकवला. इंजिन अजून कोमट होते. चार नट सुटले. पाचव्याला जोर लावला तसा कटकन आवाज झाला आणि नट अर्ध्या स्टडासकट आमच्या हातात आला. उरलेला अर्धा हेडात.

अब्बा आले. टोपी खिशात घालत त्यांनी एवढेच विचारले, "कित्ते?"

"एक."

त्यांनी हात उगारला असता तर बरे वाटले असते. ते खाली बसून तुटलेल्या जागेकडे बघत राहिले. ड्रिल जरा तिरके गेले तर हेडाचे आटे जाणार, मग हेडच उतरवायचे. चाचांनी हात जोडले. दोरी भरून, काही लावून आजचा दिवस काढून द्या म्हणाले. अब्बांनी पोराकडे बोट दाखवले.

"उसकू उतारके जाते क्या? फिर जाव."

चाचा गप्प झाले. दुसरा ट्रक बघून ढेपा त्यात चढवल्या. हमाली अब्बांनी आपल्या खिशातून दिली. आमच्यावर त्याबद्दल एक शब्द नाही. रात्री त्यांनी स्टडाच्या तुकड्यावर नट ठेवून वेल्डिंग मारले, निवू दिले, तेल सोडले, आणि दुसऱ्या दिवशी तोच नट धरून हळूहळू तुकडा बाहेर काढला. मॅनिफोल्डला पट्टी लावून बघितली तर तो वाकलेला. लेथवाल्याकडून फेस मारून आणला. बसवताना मधल्या नटांपासून कडेकडे कसत गेले, आणि इंजिन एकदा तापून निवल्यावर पुन्हा कसले. एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लागले. दोन दिवस आमच्या घाईचे.

डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये जाहीर केले. अब्बांना ते वाचायला मिळाले नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस सहाच्या गाड्या आल्या. सेन्सर आले, युरियाची टाकी आली, बिघाड शोधायला लॅपटॉप आला. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीचे झाले. ड्रायव्हरला गारवा मिळाला, चांगलेच झाले. पण काचा बंद म्हटले की आम्ही अजूनही आधी मॅनिफोल्डचा सांधा बघतो. बीड तसेच तापते, स्टड तसाच गंजतो. गॅरेजातली नवी पोरे आम्हाला म्हणतात, "मामू, आजच खोलू ना!" आम्ही त्यांच्या हातात तेलाचा डबा देतो. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग आमच्या ओळखीचा आहे.

त्या रात्री क्लीनर पोरगा आमच्या ओट्यावरच झोपला. अम्मीने त्याला घोंगडी दिली. सकाळी उठून त्याने स्वतःच चहा मागितला. अब्बांनी डोके कसे आहे विचारले. पोरगा क्षणभर थांबला, कपाळाला हात लावून बघितला आणि हसला.

ट्रक अजून उघडाच होता.