रुग्णालयांतले मामा

रुग्णालयांत पाऊल ठेवतांच माणसास नवीं नातीं लाभतात. केर काढणारी ती मावशी, स्ट्रेचर ओढणारा तो मामा, औषध देणारी ती सिस्टर आणि क्वचित् एखादा ब्रदर. आमच्या बहुतेक वाचकांनीं असल्या मामास केव्हां ना केव्हां हांक मारली असेल. आम्ही स्वतः वर्षभर मामा होतों.

आमचें घर नांदेडचें, तिघां भावांचें एकत्र. बारावीसाठीं आम्हांस लातुरास ठेविलें होतें. लातूर पॅटर्नचा लौकिक महाराष्ट्रभर पसरलेला. तेथें धाडलेला मुलगा डॉक्टर होणारच, अशी घरोघरीं समजूत. आम्ही २००९ सालीं परतलों ते प्रवेशपरीक्षेचे अपुरे गुण घेऊन. कांहीं महिने माडीवर तोंड लपवून काढले, आणि मग कोणास न विचारतां नांदेडांतच रुग्णसहायकाच्या सहा महिन्यांच्या शिक्षणक्रमास नांव घातलें.

"डॉक्टर होतां आलें नाहीं, म्हणून आतां लोकांचीं भांडीं उचलणार काय?" थोरले काका पूजेवरून न उठतांच म्हणाले. वडील गप्प राहिले. आईनें एवढेंच सांगितलें कीं, मागल्या दारानें ये आणि आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरांत शिरूं नको. सहा महिने आम्ही मागल्या दारानेंच आलों.

तेथें शिकविलें तें ऐकावयास क्षुल्लक वाटेल. रोगी अंथरुणावर असतांनाच त्याच्या खालची चादर कशी बदलावी. ज्यास हलतां येत नाहीं त्यास दर दोन तासांनीं कुशीवर कसें वळवावें, आणि वळवितांना माकडहाड, खुबा, टाच येथें कातडी लाल झाली आहे काय तें कसें पाहावें. दिवसभरांत पोटांत पाणी किती गेलें व लघवी किती झाली, हें मोजून कसें लिहावें. हात धुणें तर इतक्या वेळां घोटून घेतलें कीं, काकांचें सोंवळें आम्हांस त्यापुढें ढिलें वाटूं लागलें. (हें त्या वेळीं बोलून दाखविण्याची छाती नव्हती.)

शिक्षण संपतांच लातूरच्या एका खासगी रुग्णालयांत काम मिळालें. लोहा, अहमदपूर ह्या त्याच वाटेनें एस्टी गेली. दोन वर्षांपूर्वीं आम्ही तिच्यांतून भावी डॉक्टर म्हणून गेलों होतों. एके दुपारीं शिकवणीवर्गांतला एक जुना सोबती आजीला घेऊन आला व पाठमोऱ्या आम्हांस "अहो मामा" म्हणून हांक मारिता झाला. आम्ही हंसत वळलों, असें लिहितां आलें असतें तर बरें दिसलें असतें. आम्ही वळलों नाहीं. चादरी मोजण्याचें ढोंग करीत उभे राहिलों.

मन पालटलें तें एका रात्रीं. पुरुषांच्या वॉर्डांत एक वृद्ध शेतकरी सारखे कण्हत होते. सिस्टरनीं विचारिलें, तरी "कांहीं नाहीं बाई" हेंच उत्तर. आम्ही जवळ बसलों तेव्हां कानाशीं कुजबुजले, "सकाळपासून लघवी नाहीं रे बाबा." ओटीपोट दगडासारखें झालें होतें. परस्त्रीस हें कसें सांगावें, म्हणून त्यांनीं दिवसभर सोसलें होतें. आम्ही धांवत जाऊन सांगितलें, नळी घातली गेली, आणि म्हातारबाबा घटकाभरांत झोंपी गेले. आम्हांस मात्र झोंप नव्हती. आम्हांस सांगतां आलें होतें. करण्याचें ज्ञान नव्हतें व अधिकारही नव्हता.

आमच्या कुलांत हें काम नाहीं, असें काका म्हणत. परंतु चरकानें चिकित्सेचे जे चार पाद सांगितले, त्यांत वैद्य, औषध व रोगी यांच्याबरोबर परिचारकही आहे. आणि त्याचे गुणही चारच: उपचाराचें ज्ञान, दक्षता, अनुराग व शौच. गुरु गोविंदसिंगांनीं १७०८ सालीं ज्या आमच्या नांदेडांत देह ठेविला, तेथें भाई कन्हैयाची कथा कोणास ठाऊक नाहीं? आनंदपूरच्या रणांत शत्रूच्या जखमींसही त्यानें पाणी पाजलें. तक्रार झाली तेव्हां गुरूंनीं त्याच्या हातीं मलमही दिलें, अशी शीख परंपरा आहे. पुरुषानें शुश्रूषा करणें हें नवें फॅड नव्हे.

दुसऱ्या वर्षीं आम्ही जनरल नर्सिंगला प्रवेश घेतला. तेव्हां तो शिक्षणक्रम साडेतीन वर्षांचा होता. आतां तीन वर्षांचा आहे. ज्या घरांतील मुलगा ह्या वाटेनें जाऊं पाहतो, त्यांस येथें सांगितलें पाहिजे कीं, सहायकाच्या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रानें कोणी नर्स होत नाहीं. तसें भासवून फी उकळणारे पुष्कळ आहेत. संस्थेस मान्यता आहे काय व शिक्षणानंतर महाराष्ट्राच्या परिचर्या परिषदेंत नोंदणी होईल काय, हें पैसे भरण्याआधीं विचारावें. एएनएमचा शिक्षणक्रम मुलींसाठीं आहे. मुलानें त्याच्या मागें लागूं नये. सहायकाचें वर्ष मात्र फुकट गेलें, असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. नर्सिंगच्या वर्गांत सोबती पुस्तकांतून अंथरूण लावावयास शिकत होते, तेव्हां आमचे हात आधींच चालत होते.

२०१८ सालीं काका न्हाणीघरांत पाय घसरून पडले आणि खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया होऊन घरीं आले. सुना तत्पर होत्या. पण काका त्यांना खोलींत थांबूं देईनात, आणि भांडें लागूं नये म्हणून पाणीच पिईनात. आम्ही रजा काढून गेलों. दोन दिवस त्यांनीं आमच्याकडे पाहिलें नाहीं. आम्हीही बोललों नाहीं. पेला भरून ठेवीत होतों, तो तसाच राही. तिसऱ्या रात्रीं दोनच्या सुमारास भिंतीकडे तोंड करूनच ते हळूच म्हणाले, "अरे, तें भांडें आण."

आम्ही आणलें. मग हात धुतले, त्यांच्या गुडघ्यांमध्यें उशी ठेवून त्यांना कुशीवर वळविलें, आणि चार वाजतांचा गजर लाविला. पहांटे पाहिलें तों पेला रिकामा होता.