कळफलकावरचं युद्ध : काही टिपणं

23 डिसेंबर 2015, दुपारची वेळ. पश्चिम युक्रेनमधल्या इव्हानो-फ्रान्किव्स्क भागातल्या वीज कंपनीचा नियंत्रण कक्ष. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला आणि एकामागून एक सबस्टेशन बंद पडू लागलं. त्यानं माउस ओढून पाहिला, बाण ऐकेना. मग तो लॉग-आउट झाला आणि पुन्हा आत जाता येईना, कारण पासवर्ड बदललेला होता. त्या दिवशी अशा तीन कंपन्यांवर हल्ला झाला. सुमारे 2,25,000 ग्राहकांची वीज गेली, 1 ते 6 तासांपर्यंत.

तयारी कित्येक महिने आधीपासून चालली होती. कर्मचाऱ्यांना ईमेल आली, सोबत वर्डची फाइल. ती उघडून एका बटणाला होकार दिला की 'ब्लॅकएनर्जी' हे घातक सॉफ्टवेअर आत. मग निवांतपणे पासवर्ड गोळा करणं, कुठलं यंत्र कुठे आहे ते पाहून ठेवणं. प्रत्यक्ष हल्ल्याच्या वेळी कंपनीच्या तक्रार केंद्रावर खोट्या फोनचा मारा केला, म्हणजे 'लाइट गेली' हे सांगायला खऱ्या ग्राहकाचा फोनच लागू नये. यातला खवटपणा दाद देण्याजोगा आहे.

वीज परत आली ती कशी? माणसं गाड्या काढून सबस्टेशनवर गेली आणि त्यांनी हातानं ब्रेकर चालू केले. सोव्हिएत काळातली जुनी यंत्रणा, हातानं चालवायची सोय अजून शिल्लक होती, आणि ती चालवता येणारे लोकही. सगळं काही रिमोटवर नेणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

•

पुढच्याच वर्षी, डिसेंबर 2016 मध्ये, कीव्हच्या उत्तरेच्या सबस्टेशनवर पुन्हा हल्ला. या वेळी ब्रेकर पाडायला माणूस बसवला नव्हता, ते काम सॉफ्टवेअरनंच केलं. वीज तासाभरात आली.

•

27 जून 2017. युक्रेनचा संविधान दिन दुसऱ्या दिवशी, म्हणजे सुट्टीचा आदला दिवस. 'एम.ई.डॉक' हे तिथलं कर भरण्याचं सॉफ्टवेअर, आपल्याकडच्या हिशेबनिसाला टॅली जितकं ओळखीचं तितकं तिथे ते. त्याच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' हा घातक प्रोग्राम शिरला. पसरायला त्याच्याकडे 'इटर्नलब्लू' होतं, म्हणजे अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडून चोरीला गेलेलं हत्यार. पडद्यावर 300 डॉलरची खंडणी मागणारा मजकूर यायचा, पण ते सोंग होतं. पैसे भरूनही फाइल परत मिळण्याची सोयच ठेवलेली नव्हती. उद्देश फक्त पुसून टाकण्याचा.

बँका, मंत्रालयं, दुकानं, चेर्नोबिलची किरणोत्सार मोजणारी यंत्रणाही त्यात सापडली. तिथे काही काळ हातानं मोजमाप करावं लागलं. आणि मग तो सीमा ओलांडून निघाला. ज्यांची युक्रेनमध्ये एखादी शाखा होती, त्या कंपन्यांच्या जगभरच्या जाळ्यात गेला. औषध कंपनी मर्क, फेडएक्सची टीएनटी, बिस्किटवाली मॉन्डेलीझ, डेन्मार्कची जहाज कंपनी मर्स्क. खुद्द रशियाची रोसनेफ्टसुद्धा सुटली नाही.

मर्स्कचं नाव आलं की उरणकडच्या माणसाला न्हावा-शेवा आठवणारच. जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल मर्स्कच्याच समूहाचं. तिथलं काम ठप्प झालं, बंदराला जहाजं दुसऱ्या टर्मिनलकडे वळवण्याचा विचार करावा लागला. रशिया आणि युक्रेन यांच्या भांडणाशी कंटेनर घेऊन उभ्या असलेल्या ट्रकवाल्याचा काय संबंध? काही नाही. तरी त्याची झळ थेट रायगड जिल्ह्यात लागली. या हल्ल्यांबद्दल मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट : नेम एकावर आणि बिल भलत्याच्याच नावावर.

मर्स्कनं दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्यानं उभे केले. ते जमलं, कारण साऱ्या जाळ्याची नोंदवही असलेल्या सर्व्हरची एक प्रत घानामध्ये शाबूत होती. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती म्हणून. भारनियमनाला शिव्या देताना हा एक अपवाद लक्षात ठेवायला हरकत नाही.

एकूण नुकसान, अमेरिकेच्या अंदाजानुसार, सुमारे 10 अब्ज डॉलर. 2020 मध्ये अमेरिकेनं याच हल्ल्यांसाठी रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्यातल्या, जीआरयूमधल्या, सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. एकही हाती लागलेला नाही.

•

24 फेब्रुवारी 2022. रशियाचे रणगाडे युक्रेनची सीमा ओलांडण्याच्या तासभर आधी व्हायासॅटच्या उपग्रह इंटरनेटचे हजारो मोडेम निकामी केले गेले. युक्रेनचं सैन्यही ते वापरत होतं. सुरुवातीच्या तासांत समोरच्याचं बोलणं तोडायचं, हे युद्धशास्त्राच्या जुन्या नियमाला धरूनच होतं. पण याच धक्क्यानं मध्य युरोपातल्या 5,800 पवनचक्क्यांचा दूरसंपर्क तुटला. चक्क्या फिरत राहिल्या, त्यांच्यावर दुरून लक्ष ठेवता येईना, एवढंच. पुन्हा तेच : भलत्याच्याच नावावर.

•

युद्धाआधी पुष्कळांनी भाकीत केलं होतं की पहिल्याच दिवशी युक्रेन अंधारात जाईल, तेही एकही गोळी न झाडता. तसं झालं नाही. एप्रिल 2022 मध्ये वीजयंत्रणेवर पुन्हा घातक सॉफ्टवेअर सोडलं, ते वेळीच पकडलं गेलं. मग ऑक्टोबरपासून रशियानं त्याच वीजकेंद्रांवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोन डागायला सुरुवात केली. सॉफ्टवेअरनं पाडलेला ब्रेकर माणूस जाऊन पुन्हा चालू करतो. जळालेला मोठा ट्रान्सफॉर्मर बदलायला महिने लागतात. बाँब टाकण्याची तयारी असेल तर कळफलकाची गरज कमीच उरते. तो खरा उपयोगी पडतो युद्ध जाहीर नसताना, 'आम्ही नाही त्यातले' म्हणायला जागा हवी असते तेव्हा.

•

युद्धात कळफलकाची गरज कमी उरते म्हटलं खरं, पण याला छेद देणारं उदाहरणही लिहून ठेवतो. 12 डिसेंबर 2023 ला 'कीव्हस्टार' ही युक्रेनची मोबाइल कंपनी बंद पडली. ग्राहक 2 कोटी 40 लाख. काही भागांत हवाई हल्ल्याचे भोंगेही बंद. युक्रेनच्या सुरक्षा खात्याच्या म्हणण्यानुसार घुसखोर निदान मे महिन्यापासून आत बसलेले होते. भर युद्धातही कळफलक असा चावतो.

•

युक्रेननं युद्ध सुरू होताच टेलिग्रामवर हाक देऊन 'आयटी आर्मी' उभी केली. देशोदेशींचे हौशी लोक घरात बसून रशियन संकेतस्थळं पाडू लागले. यातला एखादा विद्यार्थी सैनिक समजायचा की नागरिक? आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसनं ऑक्टोबर 2023 मध्ये अशा हौशी हॅकर्ससाठी आठ नियम काढले : रुग्णालयांना हात लावू नका, नागरी ठिकाणांवर हल्ला करू नका, वगैरे. नियम चांगले आहेत. पाळणार कोण, हे सांगायला मी ज्योतिषी नाही.

•

आता आपल्याकडचं. 12 ऑक्टोबर 2020, सकाळ. मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. काही महिन्यांनी एका अमेरिकी कंपनीचा अहवाल आला : चिनी गटानं भारताच्या वीजयंत्रणेत शिरकाव केला होता. राज्याच्या गृहमंत्र्यांनी घातपाताची शक्यता बोलून दाखवली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हणून ती फेटाळली. शिरकाव आणि वीज जाणं या दोन गोष्टी एकमेकींना जोडणारा पुरावा लोकांपुढे आलाच नाही.

मे 2025 मध्ये, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत, भारताची 70 टक्के वीज सायबरहल्ल्यानं बंद पडल्याची बातमी फिरत होती. केंद्र सरकारच्या पीआयबीनं ती खोटी ठरवली. तसंही ती पुढे पाठवणाऱ्यांच्या घरात तेव्हा पंखा चालू होता, वायफायही.

•

शेवटी त्या बिलाकडे. मर्क आणि मॉन्डेलीझ यांनी नॉटपेट्याच्या नुकसानीची भरपाई मागितली, तेव्हा विमा कंपन्यांनी 'युद्धाचं नुकसान आम्ही देत नाही' या कलमावर बोट ठेवलं. मर्कचा दावा 1.4 अब्ज डॉलरचा. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या न्यायालयांनी मर्कच्या बाजूनं कौल दिला : कलम लिहिलं गेलं तेव्हाचं युद्ध बंदूक-तोफांचं होतं, त्यात हे बसत नाही. मॉन्डेलीझनं 2022 मध्ये, मर्कनं जानेवारी 2024 मध्ये तडजोड केली. दरम्यान लंडनच्या लॉइड्स या विमाबाजारानं फट बुजवून टाकली. 31 मार्च 2023 पासून तिथल्या स्वतंत्र सायबर पॉलिसीत सरकारपुरस्कृत हल्ल्यांचं नुकसान वगळणारं कलम सक्तीचं झालं. भोसरी-चाकणला कारखाना चालवणाऱ्या आणि सायबर विमा घेऊन निश्चिंत झालेल्या मित्रांना एकच विनंती : पॉलिसी काढा, 'वगळलेल्या बाबी' असं लिहिलेलं पान उघडा आणि युद्धाचं कलम आजच वाचून घ्या.